कायद्याची मुदत आणि पैजेचा भाव

अमेरिकेत एका पाळतीच्या कायद्याची मुदत वाढणार की नाही, यावर लोक पैसे लावतात, हे वाचून आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "मटकाच की हा!" चूक नाही. मुंबईचा मटका सुरू झाला तोच मुळी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या ओपन-क्लोजच्या भावांवर. पण आकडा लावणाऱ्या गिरणी कामगाराच्या हातात कापसाचा भाव नव्हता. इथे निकाल ज्यांच्या हातात आहे त्यांना, त्यांच्या ऑफिसातल्या पोरांना, भाव आधीच ठाऊक असू शकतो. माझा आक्षेप तिथे आहे.

आधी कायदा काय ते सांगतो. परकीय हेरगिरीवर पाळत ठेवण्याचा अमेरिकेचा कायदा म्हणजे 'फिसा', त्याचं कलम 702, सन 2008. अमेरिकेबाहेरच्या, अमेरिकन नसलेल्या माणसाचे ईमेल आणि चॅट अमेरिकन कंपन्यांकडून मिळवायला एनएसए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेला दर माणसामागे वॉरंट लागत नाही. एनएसएची गुपितं फोडणाऱ्या स्नोडेनने 2013 मध्ये बाहेर काढलेला 'प्रिझम' हा पाळतीचा कार्यक्रम याच कलमाखाली चालायचा. त्या परदेशी माणसाशी बोलणारा अमेरिकन नागरिकही ओघाने सापडतो आणि एफबीआय तो साठा चाळते. तिथलं सगळं भांडण यावर. कलमाला मुदत असल्यामुळे दर काही वर्षांनी काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, तमाशा ठरलेला.

2024 चा तमाशा आठवा. 10 एप्रिलला ट्रम्प यांनी "किल फिसा" असं लिहिलं आणि त्याच दिवशी प्रतिनिधी सभागृहात विधेयक चर्चेला घेण्याचा ठरावच आपटला. दोन दिवसांनी, मुदतवाढ पाच वर्षांवरून दोनवर आणल्यावर, तेच विधेयक 273 विरुद्ध 147 मतांनी पास! अमेरिकन नागरिकांची माहिती चाळायला वॉरंट हवं ही दुरुस्ती 212-212 अशा बरोबरीत पडली. म्हणजे एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर चित्र वेगळं. मग सिनेटने 60 विरुद्ध 34 ने मंजुरी दिली, ती 19 एप्रिलची मध्यरात्र उलटल्यावर. बायडन यांची सही 20 तारखेची.

आता पैजेच्या नजरेने बघा. 'हो'चा भाव 80 सेंट असेल तर तेवढ्याला घ्यायचा, झालं तर डॉलर मिळतो, नाही तर बुडाले. पण पैजेच्या प्रश्नात "19 एप्रिलपर्यंत" असे शब्द असते तर? कायदा टिकला आणि 'हो'वाले बुडाले! वर गंमत अशी की मुदत उलटून गेली असती तरी पाळत थांबणार नव्हती. या पाळतीला परवानगी देणाऱ्या फिसा कोर्टाने वर्षभराची मंजुरी त्याच महिन्यात देऊन ठेवली होती. या बाजाराचे भाव म्हणजे शहाणपणाचा निचोड असं जे म्हणतात, त्यांना माझा प्रश्न आहे: निचोड कशाचा? कायद्याचा, की वेळापत्रकाचा?

आपल्याला यात नवल वाटू नये. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याची मुदत मे 1995 मध्ये संपू दिली गेली, तरी मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला टाडा कोर्टातच चालला आणि निकाल यायला 2006-07 उजाडलं. कायदा मेला, खटले जिवंत.

या दोन गोष्टींचं, पाळत आणि पैज यांचं, नातं जुनं आहे. 2003 मध्ये पेंटागॉनच्या 'डार्पा' या संशोधन संस्थेत जॉन पॉइंडेक्स्टर यांच्या कार्यालयात दोन योजना शिजत होत्या. एक, सगळ्यांची माहिती एकत्र करून संशयित हुडकायची. दुसरी, मध्यपूर्वेतल्या घडामोडींवर पैसे लावायचा बाजार उभारायचा. सिनेटर रॉन वायडन आणि बायरन डॉर्गन यांनी जुलैत बाजारावर बोंब ठोकली, तो दुसऱ्याच दिवशी गुंडाळला आणि पॉइंडेक्स्टर गेले. हेच वायडन आज कलम 702 चे सगळ्यात चिवट टीकाकार आहेत. तेव्हा जे सरकारी म्हणून लाजिरवाणं ठरलं, ते आता पॉलीमार्केट आणि काल्शी या पैजांचे बाजार चालवणाऱ्या खासगी कंपन्या राजरोस करतात.

आतल्या माणसांना मनाई असते म्हणे. असेल. जानेवारी 2026 मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष मादुरो अमेरिकेकडून पकडले जाण्याच्या थोडं आधी पैसे लावून एका निनावी खात्याने चार लाख डॉलरहून जास्त कमावले, तेव्हा क्रिप्टो वॉलेटमागे कोण बसलंय हे कोणी विचारलं होतं? त्यानंतर काँग्रेस सदस्य रिची टोरेस यांनी सरकारी माणसांना अशा पैजांपासून रोखणारं विधेयक आणलं. मी असतो तर आणखी पुढे गेलो असतो. मतदानाने ठरणाऱ्या कायद्यावर पैज नकोच, कोणाचीच. 212-212 च्या सभागृहात एका मताची किंमत किती होते याचा हिशेब करा. आणि इथे तर अर्धी माहिती मुळात गुप्त. ज्याला बंद दाराआडची ब्रीफिंग मिळते त्याच्यासमोर बाहेरचा माणूस म्हणजे बकरा.

आपल्याकडे 2025 च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद झाले, त्यात 'हो-नाही'वाली ॲपही गेली. मला वाईट वाटलं नाही. पण फोन टॅपिंगची आपली कलमं, 1885 च्या तार कायद्यातली आणि आता 2023 च्या दूरसंचार कायद्यातली, त्यांना मुदतच नाही. संसदेत दर दोन वर्षांनी कोणी उठून "हे अजून हवं का?" असं विचारायची सोयच ठेवलेली नाही. तिकडचा तमाशा मला त्यासाठी हवासा वाटतो, सट्टा वजा करून.

आणि तिकडच्या त्या 212-212 मध्येही पुण्या-नागपूरच्या माणसाच्या ईमेलचा विषय नव्हताच. वॉरंट हवं होतं ते अमेरिकन नागरिकांसाठी. आपल्याबाबत दोन्ही बाजूंचं एकमत होतं.