नागपट्टिणमची बोट धरायची असेल, तर दोन दिवस जादा ठेवा

तामिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेला बोट सुरू झाल्यापासून "कोलंबोला स्वस्तात जाता येईल का?" हा प्रश्न सारखा येतो. स्पष्टच लिहायचं तर कोलंबो, कँडी, गॉल बघायचं असेल तर विमानानेच जा. ही बोट जाफन्याची आहे. उत्तर श्रीलंकेला चार-पाच दिवस देणार असाल, तरच तिचा खरा उपयोग.

नागपट्टिणम ते जाफन्याजवळचं कांकेसन्तुराई बंदर (सगळे 'केकेएस'च म्हणतात) हे अंतर साधारण ११० किलोमीटर, वेळ चारेक तास. पहिली फेरी १४ ऑक्टोबर २०२३ ला झाली आणि आठवड्याभरात सेवा थांबली. १६ ऑगस्ट २०२४ ला दुसऱ्या बोटीने पुन्हा सुरुवात झाली, नोव्हेंबरात परत बंद, आणि मग थेट फेब्रुवारी २०२५. या तारखा नीट बघा, कारण सहल ठरवताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

भारत आणि श्रीलंकेच्या मधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. उथळ पाण्यात वाऱ्याने उठणारी लाट आखूड आणि उभी असते, एक ओसरायच्या आत दुसरी येते. दीडशे माणसांच्या बोटीला ती झेपत नाही. ईशान्य मोसमी वारे आणि चक्रीवादळांचा काळ म्हणजे ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत हा बेत आखूच नका. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

चांगल्या महिन्यातही हवामान बिघडलं की फेरी रद्द होते. बोटीचे पैसे परत मिळतात, पण पुढच्या हॉटेलचे आणि रेल्वेचे गेले ते गेलेच. म्हणून जाताना एक पूर्ण दिवस आधी त्या भागात पोचा. तो दिवस फुकट जात नाही. तंजावर ८० किलोमीटरच्या आसपास आहे. सरस्वती महाल ग्रंथालय आहे, बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरून घेतलेला मराठ्यांचा इतिहास आहे, तोही मराठीत. मराठी माणसाने तिथे न थांबता पुढे जाणं मला तरी पटत नाही. मात्र बोटीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम नागपट्टिणमलाच हवा. बोट सकाळची असते आणि इमिग्रेशन, कस्टम्स, सामानाचं वजन यात दोन-अडीच तास सहज जातात.

परतताना दुसरा जादा दिवस. त्याच संध्याकाळचं चेन्नई-मुंबई विमान कधीही काढू नका. बोट रद्द झालीच तर केकेएसच्या जवळच पलालीचा विमानतळ आहे, तिथून चेन्नईला विमान मिळतं. त्याचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा.

कागदपत्रं: पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. ईटीए (जाण्याआधी ऑनलाइन काढायची प्रवेश-परवानगी) श्रीलंकेच्या सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट जादा पैसे उकळतात. फी आणि सवलती वरचेवर बदलतात, तेव्हा तिकिटाच्या आधी ते तपासा. पोचल्यावर बघू, हा हिशोब इथे चालत नाही. कागद अपुरे असतील तर नागपट्टिणमलाच अडवतात.

सामान: फुकट वजनाची मर्यादा विमानापेक्षाही कडक असू शकते. तिकीट काढताना आकडा वाचा आणि घरीच वजन करा. औषधं, एक जोड कपडे आणि सगळे कागद पाठीवरच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

बोट लागणं: घाटात गाडी लागते त्यांनी तर गृहीतच धरा. ॲव्होमिनसारखी गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकतच नाही. गुंगी येते, म्हणून लहान मुलं, गरोदर बाया आणि रोजची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्या. उपाशी बसणं चूक. दोन इडल्या पोटात असाव्यात, तेलकट नको. जागा निवडता आली तर बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा, तिथे झोका सगळ्यात कमी. पुढच्या टोकाला बसणारे आधी आडवे होतात. मोबाईल खिशात आणि नजर क्षितिजावर. डोळ्यांना बोट स्थिर दिसते आणि कानातला तोल मात्र हलतंय म्हणतो, त्या भांडणातूनच मळमळ होते.

उतरल्यावर जाफना १८-२० किलोमीटर. केकेएस हे उत्तरेकडच्या रेल्वेमार्गाचं शेवटचं स्टेशन, पण गाड्या मोजक्याच, तेव्हा बस किंवा रिक्षा धरा. यूपीआय फेब्रुवारी २०२४ पासून श्रीलंकेत चालतं, तरी छोट्या दुकानात रोखच लागते. स्कूटर भाड्याने घ्यायची असेल तर नुसतं आपलं लायसन्स पुरत नाही, तिथला तात्पुरता परवाना काढावा लागतो. नल्लूरच्या देवळात पुरुषांना शर्ट काढूनच आत सोडतात. आणि नैनातीवू बेटावर जायचं असेल तर बसने कुरिकट्टुवान गाठून तिथून पुन्हा छोटी बोट आहे, वीसेक मिनिटांची. गोळीचं पाकीट तेव्हाही जवळ ठेवा.