टेकूच तो, उद्या काढायचाय!

सांगलीत विश्रामबागेत नाहीतर मिरज रस्त्याला बंगला काढताय ना? मग ग्रॅनाइट, टाइल्स, नळ यांत मुळीच हात आखडू नका. पाहुणे तेच बघतात. काटकसर करायची ती सेंटरिंगच्या, म्हणजे ओला स्लॅब घट्ट होईपर्यंत खालून तोलणाऱ्या टेकूंत. वास्तुशांतीला कोण त्यांची चौकशी करणार आहे?

लोखंडी जॅकची, म्हणजे उंची कमीजास्त होणाऱ्या टेकूची, पिन हरवली असेल, तर नवी मागू नका. साइटवर सळईचे तुकडे पडलेलेच असतात. आठ एमएमचा एखादा भोकात सारा. भोक मोठं, सळई बारीक, त्यामुळे भार आला की ती मधे वाकेल. वाकू दे, नम्रता चांगलीच. उंची कमी पडली तर खाली दोन विटा आणि वर फळीचा ढलपा. ओळंबा भिंतीला लावायचा, टेकूला नव्हे. आणि टेकू एकमेकांना आडवे-तिरके बांधायचं खूळ तर नकोच. घमेली घेऊन जाणाऱ्या बायकांना वाकावं लागतं. (त्यांची इतकी काळजी एरवी कोण करतं!)

कृष्णाकाठची काळी माती उन्हात कशी टणक असते! वळवाची एक सर आली की तीच विटेसकट टेकू गिळते, पण स्लॅब काय रोज पावसातच टाकतात? खाली जाड फळी घातली की भार पसरतो म्हणे. त्या फळीवर गवंडी जेवायला बसतात, त्यांना उठवणं बरं दिसत नाही.

हजार चौरस फुटांचा पाच इंची स्लॅब ओला असताना २९ टनांच्या आसपास भरतो. सेंटरिंगवाल्याला हा आकडा सांगू नका. दर वाढवेल.

टेकू काढायचे कधी? आयएस ४५६ हे काँक्रीटकामाचं २००० सालचं भारतीय मानक म्हणतं, साधं सिमेंट असेल तर ४.५ मीटरपर्यंतच्या स्पॅनच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखाली किमान ७ दिवस, त्यापुढे १४. ६ मीटरहून लांब बीमखाली २१. मानक लिहिणाऱ्यांना काय ठाऊक, आपल्या सेंटरिंगवाल्याला कुपवाडची साइट लागलीय ते? चौथ्याच दिवशी तो म्हणेल, "मालक, वाजवून बघा की, खणखणीत झालाय." तुम्ही वाजवा आणि मान डोलवा.

गिलाव्याच्या परांचीला बांबू आणि सुतळी पुरे. कठड्याने थापी अडते. सेफ्टी बेल्ट एकच आणा, आळीपाळीने घालून सगळ्यांचे फोटो काढा. तो अडकवायचा कुठे, असं एखाद्या नव्या पोराने विचारलंच, तर सुतळीने बांधलेला तोच बांबू दाखवा.