मॉरिशसच्या फुटबॉल संघटनेबद्दलच्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

1999 च्या दंगलीनंतर मॉरिशसमध्ये जमातवार क्लब मोडून विभागवार क्लब उभारले गेले आणि तिथल्या फुटबॉलची रया गेली, असे मी लिहिले होते. त्यावर, सात माणसे मेल्यावरही मला जमातवार संघांचा उमाळा येतो, उद्या मी मुंबईचे धर्मवार संघांचे पंचरंगी क्रिकेट सामनेही पुन्हा भरवा म्हणेन, असे आपण लिहिले आहे.

ते संघ तसेच राहायला हवे होते, असे माझे म्हणणे नाही. 23 मे 1999 रोजी अंजले स्टेडियमवर स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांचा सामना झाला. पहिल्याचे पाठीराखे बहुतांशी मुसलमान, दुसऱ्याचे क्रिओल, म्हणजे मुख्यतः आफ्रिकी वंशाचे. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत राजधानी पोर्ट लुईतील 'लामिकाल' हे जुगारगृह पेटवण्यात आले, आणि मृतांत एक गर्भवती स्त्री व लहान मुलेही होती. त्यांचा त्या सामन्याशी काडीचाही संबंध नव्हता.

माझा रोख मॉरिशस फुटबॉल असोसिएशनच्या त्याआधीच्या कारभारावर आहे. 1980 च्या दशकात जमातवाचक नावे काढायला लावली गेली, तेव्हा 'मुस्लिम स्काउट्स'चा 'स्काउट्स क्लब' झाला, 'हिंदू कॅडेट्स'चा 'कॅडेट्स क्लब' झाला. पाटी बदलली, पाठीराखे तेच राहिले. संघटनेने तेव्हाच विभागवार संघांची तोडीस तोड स्पर्धा रुजवायला घेतली असती, तर लोकांना तिची सवय व्हायला वेळ मिळाला असता. प्रत्यक्षात खेळ दीर्घकाळ बंद ठेवून, वरून आलेल्या फर्मानाने 'एएस पोर्ट लुई 2000' यांसारखे क्लब जन्माला घातले गेले, ज्यांच्यासाठी घसा कोरडा करावा असे कोणालाच वाटेना.

पंचरंगीचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. ते सामने 1946 मध्ये बंद झाले, तेव्हा प्रांतवार संघांचा रणजी करंडक सुरू होऊन दशक उलटले होते, आणि हिंदूंकडून खेळणारे विजय मर्चंट मुंबईकडूनही खेळतच होते. प्रेक्षकाला जायला दुसरे घर तयार होते.

दूरचित्रवाणीवरच्या इंग्लिश फुटबॉलने प्रेक्षक ओढले, हे आपले म्हणणे अर्धेच पटते. इंग्लिश क्लबांचे वेड तिथे दंगलीपूर्वीही होते, तरी स्थानिक सामन्यांना गर्दी लोटत होती.

राहिला सरकारी हस्तक्षेपाचा मुद्दा. दंगलीनंतर सरकारपुढे दुसरा मार्ग उरला नव्हता, हे आपले वाक्य मला मान्य आहे; मात्र तो उरू नये याची तजवीज आधीची पंधराएक वर्षे संघटनेच्याच कारभाराने केली होती.