हद्द कशी ठरवावी : सुगौली पद्धत

शेजाऱ्याशी हद्दीवरून वाजलंय? मग मोजणीच्या अर्जामागे कशाला धावताय? तोफा जवळ असतील आणि सहीला एक लष्करी अधिकारी मिळत असेल, तर ईस्ट इंडिया कंपनीने सुगौलीच्या तहात नेपाळवर वापरलेली पद्धत तयार आहे.

सुरुवात लहान वादाने करावी. बुटवल, स्युराज आणि सारणच्या सीमेवरची बावीस गावं एवढं भांडवल पुरतं. मग दोन्ही बाजूंची संयुक्त चौकशी बसवा आणि आपल्याकडून मेजर ब्रॅडशॉसारखा माणूस पाठवा. समोरचे वैतागून उठून गेले की काम फत्ते. १ नोव्हेंबर १८१४ ला युद्ध पुकारायला आपण मोकळे. पुढे २ डिसेंबर १८१५ ला सुगौलीच्या तहावर कंपनीतर्फे सही कोणाची? याच ब्रॅडशॉची. मोजणीदारही तोच आणि फिर्यादीही तोच, म्हणजे कंपनीचा एक पगार वाचला.

लढाई पहिल्या झटक्यात जमली नाही तरी खचू नका. नालापाणीच्या गढीसमोर कंपनीचा जनरल गिलेस्पी पहिल्याच मोसमात पडला. शेवटी मे १८१५ मध्ये मलावच्या किल्ल्यावर कंपनीचा दुसरा जनरल ऑक्टरलोनी याने नेपाळचे सेनापती अमरसिंह थापा यांना शरण आणलंच. मग मागणीचा कागद काढावा. वाद बावीस गावांचा होता ना? मग काली नदीपासून सतलजपर्यंतचा डोंगर मागा. गढवाल, कुमाऊँ, वर तराईचा मोठा पट्टाही. बांध कोरायचा तर हातभर कशाला, अख्खं शिवार न्यावं.

समोरचा सही करून शिक्का मारायला टाळाटाळ करेल. तहात मुदत पंधरा दिवसांची होती, काठमांडूने महिने काढले. अशा वेळी स्मरणपत्रं पाठवू नयेत, ऑक्टरलोनीला पाठवावा. तो मकवानपूरपर्यंत चढून आला आणि ४ मार्च १८१६ ला शिक्क्याचा कागद त्याच्या हातात पडला.

आता मसुद्यातली कलाकुसर. पहिल्या कलमात कायमची शांतता आणि मैत्री घाला, ती फुकट असते. मग ज्या सरदारांच्या जमिनी गेल्या त्यांना वर्षाला २ लाख रुपये कबूल करा आणि वाटणी मात्र नेपाळच्या राजाने करावी असं लिहा. म्हणजे ज्याला कमी मिळेल तो शिव्या राजालाच देणार. हे पैसे जड वाटू लागले तर त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने केलं तसं करा : पेन्शन बंद, आणि त्याबदली घेतलेल्या तराईतलाच एक तुकडा परत. घेतलेल्या जमिनीनेच जमिनीची भरपाई करणारा हिशेबनीस शोधून सापडायचा नाही.

सहावं कलम तर पाठच करा. नेपाळचं सिक्कीमशी भांडण झालं तर निवाडा कंपनी करणार आणि नेपाळ तो मुकाट मानणार. आम्हा मराठी माणसांना यात नवं काही वाटायला नको. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईत दुसऱ्या बाजीरावांनी निजाम आणि गायकवाडांवरचे आपले दावे असेच कंपनीच्या लवादाकडे सोपवून ठेवले होते. (श्रीमंतांना त्या बदल्यात पुणं परत मिळालं, पण किती वर्षांसाठी ते कोणी विचारलं नव्हतं.) सातव्या कलमाने युरोपियन आणि अमेरिकन माणसं नोकरीला ठेवायची तर परवानगी घेणं आलं, आठव्याने काठमांडूत कंपनीचा रेसिडेंट बसला. एवढं झाल्यावर मैत्री न टिकून सांगते कोणाला!

पण खरं कसब पाचव्या कलमात आहे. काली नदीच्या पश्चिमेच्या मुलखावरचा हक्क नेपाळने सोडला, इतकंच लिहायचं. ती नदी उगम कुठे पावते, हे लिहू नका. नदीने पात्र बदललं तर काय, हेही नको. खाली गंडकीने पात्र बदलल्यावर सुस्ता गाव कोणाचं यावर आजही वाद आहे, त्यावरून या मौनाची किंमत कळेल. डोंगरात तर लगेचच फळ आलं. १८१७ मध्ये कालीच्या पूर्वेची टिंकर आणि छांगरू ही गावं नेपाळला मिळाली. नेपाळने कुटी आणि नाबीही मागितली, ती नाकारली, कारण खरी काली कोणती हे एव्हाना कंपनी ठरवत होती.

मग घाई करू नका. कंपनी गेली, नेपाळचे राणा पंतप्रधान गेले, राजेही गेले, कलम जागेवर आहे. ८ मे २०२० ला भारताने लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं. त्याच महिन्यात नेपाळने लिपुलेख, कालापानी आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला आणि जूनमध्ये तो राज्यघटनेत बसवला. लिंपियाधुराकडून येणारा प्रवाह ती काली, असं काठमांडू म्हणतं. कालापानीकडून येणारा तो, असं दिल्ली म्हणते. पुरावा दोघांचाही एकच, सुगौलीचं पाचवं कलम.