साठीनंतर एकवेळ जेवा, वजनं उचलू नका? ठाण्यातल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

ठाण्यातल्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या, सगळीकडे तोच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जागतिक आरोग्य संघटनेने म्हातारपण हा आजार असल्याचं जाहीर केलं आहे. सोळा तास उपाशी राहिलं की शरीर स्वतःच्या जुन्या पेशी खाऊन टाकतं, हे २०१६ च्या नोबेलने सिद्ध झालं. म्हणून साठीनंतर एकवेळच जेवा. इस्रायलमध्ये ऑक्सिजन देऊन माणसांचं वय २५ वर्षांनी मागे नेलं. शरीर ४४ आणि ६० या दोन वयांत एकदम म्हातारं होतं, त्यानंतर वजनं उचलणं म्हणजे सांधे झिजवणं. आणि वय थांबवणारी गोळी तयार आहे, पण औषध कंपन्या ती दडवून बसल्या आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे बरेच जण सत्तरीपुढचे. त्यांच्यापैकी काहींनी यातला उपासाचा आणि वजनांचा मुद्दा मनावर घेतलेला मला दिसतो, आणि त्याची किंमत त्यांचे पाय मोजतात. संदेशात निव्वळ खोटं थोडंच आहे. बहुतेक ठिकाणी खऱ्या संशोधनाचं नाव घेऊन भलताच सल्ला दिला आहे. त्यामुळे कुठे किती खरं आहे तेही सांगावं लागेल.

आरोग्य संघटनेचा मुद्दा लवकर निपटतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात आधी ‘म्हातारपण’ अशी नोंद घालायचं ठरलं होतं. त्यावर जगभरातून आक्षेप आले: उद्या सत्तरीच्या माणसाच्या दुखण्याचं नीट निदान न करता कागदावर ‘म्हातारपण’ लिहून डॉक्टर मोकळे होतील. संघटनेने ती नोंद काढली आणि वाढत्या वयाबरोबर क्षमता घटणे अशा अर्थाची नोंद ठेवली. म्हणजे संदेश सांगतो त्याच्या नेमकं उलट घडलं. मला तो आक्षेप मनापासून पटतो. ‘आता वय झालं, चालायचंच’ एवढंच ऐकून घरी परत पाठवलेले आणि नीट व्यायाम दिल्यावर सुधारलेले गुडघे मी खूप पाहिले आहेत.

आता नोबेल. योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञांना २०१६ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं ते ऑटोफॅजीची यंत्रणा शोधल्याबद्दल. पेशी स्वतःतले खराब झालेले भाग वेगळे करून, तोडून पुन्हा वापरते, ती ही क्रिया. ओसुमींचे मूळ प्रयोग यीस्टवर झाले, पाव फुगवायला वापरतात त्याच. त्यांनी यीस्टच्या पेशींना उपाशी ठेवलं, सूक्ष्मदर्शकाखाली काय साठतं ते पाहिलं आणि या क्रियेला लागणारी जनुकं शोधून काढली. काम थोर आहे, यात शंका नाही. पण माणसाने किती तास उपाशी राहावं, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. सोळा हा आकडा त्या नोबेलमध्ये कुठेही नाही. आणि ऑटोफॅजी सोळाव्या तासाला बटण दाबल्यासारखी सुरू होत नाही. ती पेशींमध्ये कमीअधिक प्रमाणात सतत चालू असते. व्यायामानेही ती वाढते, हे उंदरांमध्ये दिसलं आहे. संदेश लिहिणाऱ्याला हे सोयीचं नसावं.

उपासाचे बरेचसे आकर्षक निष्कर्ष उंदरांवरून आलेले असतात. प्रयोगशाळेतला उंदीर दोन-अडीच वर्षं जगतो आणि एक दिवस उपाशी राहिला तर त्याचं वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरू शकतं. त्याचा एक दिवस आणि आपला एक दिवस एका मापाने मोजता येत नाही.

माणसांवर काय झालं, तेही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ‘कॅलरी’ नावाच्या प्रयोगात २१ ते ५० वयाच्या, लठ्ठ नसलेल्या सुमारे २२० निरोगी लोकांना दोन वर्षं आहारातली ऊर्जा २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. प्रत्यक्षात त्यांना १२ टक्क्यांच्या आसपास जमलं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल सुधारलं. डीएनएवरच्या खुणांवरून म्हातारपणाचा वेग मोजणाऱ्या एका चाचणीत तो २ ते ३ टक्के मंदावलेला दिसला. शरीराचं वय सांगणाऱ्या इतर चाचण्यांमध्ये फरक पडला नाही. हा निकाल महत्त्वाचा आहे, मी तो नाकारत नाही. पण याच लोकांच्या कंबरेच्या आणि मणक्याच्या हाडांची घनताही कमी झाली. पन्नाशीच्या आतल्या माणसाला ते झेपेल. आपल्याकडच्या सत्तरीच्या बाईला, जिची हाडं आधीच ठिसूळ झाली आहेत, तिला कशाला त्या वाटेने न्यायचं?

सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, याचीही चाचणी झाली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात वजन जास्त असलेल्या ११६ जणांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे फक्त दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात खाल्लं. नेहमीसारखं तीन वेळा जेवणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन लक्षणीय उतरलं नाही. ज्यांची प्रयोगशाळेत बोलावून नीट मोजमापं घेतली, त्यांच्या उतरलेल्या वजनात मोठा वाटा चरबीचा नव्हता, स्नायूंसारख्या चरबीविरहित वजनाचा होता.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन ठेपतं. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. नौपाड्यातल्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंना तलावपाळीला उतरता येणार की नाही, ठाणे स्टेशनचा पूल चढता येणार की नाही, कमोडवरून हाताचा आधार न घेता उठता येणार की नाही, हे मांडीच्या स्नायूंवर ठरतं. वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ निरोगी ज्येष्ठांना रोज दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सुचवतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, एका पोळीत ३ च्या आसपास. आपलं नेहमीचं पोळी-भाजी-वरण-भात दोन वेळा जेवूनही हा आकडा गाठताना दमछाक होते. एकवेळ जेवून तो गाठायचा कसा? मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचं गणित वेगळं, त्यांनी डॉक्टरांच्याच सांगण्याप्रमाणे खावं.

आणि मधुमेहींबद्दल तर मला हात जोडून सांगायचं आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता सोळा तास उपाशी राहिलात तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बाथरूममध्ये पडतो. खुब्याचं हाड मोडलं की पुढचे महिने अंथरुणात जातात, आणि त्या महिन्यांत गेलेले स्नायू परत आणणं हे मी करते त्या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे. एकादशी-चतुर्थी श्रद्धेने करणाऱ्यांशी माझा वाद नाही. ते औषधांच्या वेळा सांभाळून वर्षानुवर्षं करत आलेले असतात. वाद आहे तो विज्ञानाचं नाव घेऊन रोजचं जेवण तोडायला सांगणाऱ्यांशी.

४४ आणि ६० या वयांचा मुद्दा स्टॅनफर्डच्या २०२४ च्या अभ्यासातून आला. त्यात २५ ते ७५ वयाचे १०८ जण होते, कॅलिफोर्नियातले. रक्तातले हजारो रेणू आणि शरीरातले सूक्ष्मजीव तपासल्यावर चाळिशीच्या मध्याला आणि साठीच्या सुरुवातीला बदलांची दाटी दिसली. मात्र एकेका माणसाचा पाठपुरावा सरासरी दोन वर्षांहूनही कमी काळ झाला. तोच माणूस चाळिशीतून साठीपर्यंत जाताना कुणी पाहिलेला नाही. वेगवेगळ्या वयांची माणसं शेजारी ठेवून तुलना केली आहे. तिथले खाणंपिणं आणि सवयी वेगळ्या, म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. आणि साठीनंतर काही करून उपयोग नाही, असं तर त्या संशोधकांनी म्हटलेलंच नाही.

उपयोग होतो, याचा पुरावा तीन दशकांहून जुना आहे. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धनिवासातल्या अशक्त, नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा, चांगला जड, व्यायाम दिला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांची काठी सुटली. १९९४ मध्ये तोच प्रयोग सरासरी ८७ वयाच्या १०० जणांवर झाला. ताकद दुपटीहून जास्त झाली. ज्यांना व्यायामाविना नुसता पूरक आहार दिला, त्यांना तसा फायदा झाला नाही. मग २०१४ मध्ये ७० ते ८९ वयाच्या, फारशी हालचाल न करणाऱ्या १,६३५ जणांचा मोठा अभ्यास आला: चालणं, ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये चालण्याची क्षमता गमावण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी निघालं. हे यीस्ट नाही, उंदीर नाही. आपल्या आजीच्या वयाची माणसं आहेत.

सांधे झिजतात म्हणून वजन नको, ही भीती मी रोज ऐकते. गुडघ्याच्या संधिवातात मांडीचे स्नायू मजबूत करणं हा उपचाराचा पहिला भाग आहे. सुरुवात खुर्चीवरून उठबस करण्यापासून होते, मग घोट्याला अर्धा किलोची पट्टी, मग हळूहळू वाढवत न्यायचं. छातीत दुखत असेल, रक्तदाब ताब्यात नसेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टर. येऊर-उपवनला रोज सकाळी फिरणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण सपाट रस्त्यावर चालून मांडीची ताकद फारशी वाढत नाही, हेही त्यांना सांगायला हवं.

इस्रायलचा प्रयोग: ६४ वर्षांपुढचे ३५ जण, जास्त दाबाच्या कक्षात ऑक्सिजनची ६० सत्रं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधल्या गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, २० टक्क्यांहून जास्त लांब झालेली दिसली. तुलनेसाठी ऑक्सिजन न दिलेला गट त्यात नव्हता. पेशींचा एक प्रकार तपासून अख्ख्या माणसाचं वय २५ वर्षांनी घटलं म्हणणं ही बातमीदारांची उडी आहे. शिवाय लांब टेलोमिअरचा संबंध काही कर्करोगांशीही आढळला आहे. यासाठी कुणीही मुदतठेव मोडू नये.

राहिली दडवलेली गोळी. वयाच्या संशोधनात सर्वाधिक नाव असलेली दोन औषधं म्हणजे रॅपामायसिन आणि मेटफॉर्मिन. रॅपामायसिन ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, ते पुढे नेण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उंदरांच्या हिशेबात उतारवयाच्या, उंदरांना ते दिल्यावर ते जास्त जगले. ते आज दुकानात मिळतं, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना दिलं जातं, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं. तोंडात फोड येणं, संसर्ग, कोलेस्टेरॉल वाढणं हे त्याचे ठाऊक असलेले त्रास. मेटफॉर्मिन तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे काही रुपयांना मिळतं. त्याने म्हातारपणाचे आजार लांबतात का, हे तपासायला अमेरिकेत ६५ ते ७९ वयाच्या ३,००० जणांचा अभ्यास आखला गेला आणि तो वर्षानुवर्षं पैशांसाठी अडून राहिला. पेटंट कधीच संपलेल्या स्वस्त गोळीवर पैसे लावायला कंपन्या पुढे येत नाहीत. कंपन्यांवर रागवायचंच असेल तर त्याचं खरं कारण हे आहे.

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल त्यांनी ती मुळीच थांबवू नये. मधुमेह नसताना तरुण राहण्यासाठी घ्यायचा विचार असेल, तर २०१९ चा एक निकाल आधी वाचावा. ६५ वर्षांपुढच्या निरोगी लोकांना १४ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. अर्ध्यांना सोबत मेटफॉर्मिन, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले.