"डब्यावर लागर लिहिलंय म्हणजे आत लागर यीस्टच असतं": एका दाव्याचा प्रतिवाद

लागर म्हणजे थंडाव्यात आंबवून थंडीतच मुरवलेली बिअर, एल म्हणजे त्याहून उबदार तापमानाला आंबवलेली. घरी किटमधून (माल्टच्या घट्ट पाकाचा डबा आणि झाकणाखाली यीस्टची पुडी) बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: डब्यावर "लागर" छापलेलं असेल तर झाकणाखालच्या पुडीत लागर यीस्ट असतं. एल यीस्ट वर तरंगतं आणि लागर यीस्ट तळाशी बसतं, बाकी दोघांत फरक नाही. एक पुडी पुरते, फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, फक्त थंड जागी ठेवायचा. एल यीस्टची बिअर महिनाभर फ्रिजमध्ये ठेवली की तिची लागर होते. आणि एअरलॉकमधले (झाकणावरची, वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप) बुडबुडे थांबले की बाटल्या भरायच्या. यातलं एकही विधान जसंच्या तसं खरं नाही, आणि शेवटचं तर धोक्याचं आहे.

डब्यावरचं नाव. किटवर "लागर" हे शैलीचं नाव म्हणून छापतात. फिकट रंग, बेताचा कडूपणा, हलकी चव एवढंच त्यातून सांगायचं असतं. बहुतेक लोक फर्मेंटर घरातल्याच तापमानात ठेवणार हे किट बनवणाऱ्यांना माहीत असतं. त्यामुळे लागर म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक किटमध्ये एल यीस्ट किंवा दोन्हींचं मिश्रण असतं. यात फसवणूक नाही. 22 अंशांना बऱ्यापैकी काम करणारं यीस्ट देणं हाच तिथे शहाणपणा आहे. पुडीत काय आहे याचा अंदाज पत्रकातल्या तापमानावरून घ्यावा. 18 ते 28 अंश सेल्सियस असं लिहिलं असेल तर डब्याचं नाव काहीही असो, यीस्टला एल समजूनच वागवावं. 10 ते 15 अंशांची वेगळी सूचना असेल तर लागर यीस्ट असण्याची शक्यता मोठी. खात्री हवी असेल तर पुडीवरचा कोड सांगून उत्पादकाला विचारावं. नुसत्या नावावर विसंबून फर्मेंटर 10 अंशांवर नेला तर बरीच एल यीस्ट झोपी जातात, गोड वॉर्ट (न आंबलेला माल्टचा द्रव) तसाच पडून राहतो, आणि मग त्यात जिवाणू आणि रानटी यीस्ट यांचं फावतं.

वर की खाली. आंबवण्याचं काम दोन्ही यीस्ट द्रवभर पसरूनच करतात. फेस दोन्हींवर येतो आणि काम संपल्यावर गाळ दोन्हींचा तळाशीच बसतो. आज पुड्यांतून मिळणारी बहुतेक एल यीस्ट तर तळाला घट्ट बसतात. तेव्हा फेस पाहून जात ओळखता येत नाही. खरा फरक जातीचाच आहे. एल यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. लागर यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरिआनस, आणि ते संकरित आहे: एक पालक सेरेव्हिसी, दुसरा युबायानस. हा दुसरा पालक पॅटागोनियातल्या जंगलात सापडल्याचं 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. थंडीत काम करण्याची ताकद त्याच्याकडून आली. लागर यीस्ट मेलिबायोज ही साखर पचवतं, एल यीस्टला ते सहसा जमत नाही. उलट 37 अंशांना एल यीस्ट वाढतं, लागर यीस्टची वाढ थांबते. प्रयोगशाळेत दोन्ही ओळखण्याच्या या जुन्या कसोट्या आहेत.

एक पुडी पुरते का? सर्वाधिक बिअर इथेच बिघडते, म्हणून हा मुद्दा सविस्तर. नेहमीचं किट घ्या: 1.7 किलोचा डबा, 1 किलो साखर, एकूण 23 लिटर. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता; साखर आंबत जाते तशी ती उतरते) 1.040 च्या आसपास येते. झाकणाखालची पुडी बहुधा 7 ग्रॅमची, म्हणजे लिटरला जेमतेम 0.3 ग्रॅम. सुक्या एल यीस्टसाठी लिटरला 0.5 ते 0.8 ग्रॅम हे प्रमाण धरतात. 20 अंशांच्या वर पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून तिथे 7 ग्रॅमवर निभावतं. 12 अंशांना ही वाढ मंद असते, आणि तिथे लिटरला 0.8 ते 1.2 ग्रॅम लागतं. म्हणजे 23 लिटरला 18 ते 28 ग्रॅम, सोप्या हिशोबाने 11.5 ग्रॅमच्या दोन पुड्या. किटची एकच पुडी थंड वॉर्टमध्ये टाकली तर दोन-तीन दिवस काहीच हालचाल दिसत नाही, आणि पुढे आंबणं अर्ध्यावर अडकतं. पुडी कितीतरी महिने गरम गोदामात पडून असेल तर जिवंत पेशी आणखी कमी. म्हणून किट घरी आलं की पुडी काढून फ्रिजमध्ये ठेवावी आणि तारीख पाहावी.

"यीस्ट 22 अंशांना टाका, मग हळूहळू थंड करा" असा सल्लाही याच मजकुरासोबत फिरतो. यीस्ट कमी असेल तर ही तडजोड चालते. पण फळांसारखा वास देणारी एस्टर आणि डायअसिटिलचा (लोण्यासारखा वास देणारं संयुग) कच्चा माल, दोन्ही पेशी वाढत असतानाच, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत तयार होतात. आमचा आग्रह असा: आधी वॉर्ट 12 अंशांवर आणा, मग पुरेसं यीस्ट टाका. तापमान हवेचं नाही, द्रवाचं मोजा. आंबणं जोरात असताना द्रव खोलीपेक्षा 2 ते 4 अंश गरम असतो. सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरून चिकटवून त्यावर फोमचा तुकडा बांधला की पुरे.

अंतिम ग्रॅव्हिटी 1.010 अपेक्षित असेल तर 1.018 ला पोचल्यावर तापमान 17-18 अंशांवर न्या आणि दोन ते चार दिवस राहू द्या. या काळात यीस्ट डायअसिटिल परत शोषून घेतं. तो निघाला का हे नाकानेच तपासता येतं. दोन बरण्यांत थोडी थोडी बिअर घ्या. एक झाकून 60 अंशांच्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं ठेवा, दुसरी तशीच. गरम केलेली गार झाल्यावर दोन्ही हुंगा. फक्त गरम केलेल्या बरणीला लोण्याचा वास आला तर कच्चा माल अजून शिल्लक आहे. दोन्हींना आला तरी थांबायचंच. दोन्ही स्वच्छ असतील तरच रोज 2-3 अंशांनी उतरवत 0 ते 4 अंशांपर्यंत आणा आणि तीन-चार आठवडे ठेवा. मधेच सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरून बिअर ओतून देऊ नका. लागर यीस्टमध्ये गंधकाचा हा वास नेहमीचा आहे, वायूबरोबर आणि काळाबरोबर तो जातो.

थंडीत ठेवलेली एल ही लागर होत नाही. थंडीने गढूळपणा आणि उरलेलं यीस्ट खाली बसतं, चव नितळ होते. पण 25 अंशांना तयार झालेला केळ्यासारखा वास फ्रिजमध्ये नाहीसा होत नाही. जर्मनीतल्या कोलोनची क्योल्श बिअर एल यीस्टने, पण थंडाव्यात आंबवून पुढे थंडीतच मुरवतात, तरी ती एलच्याच कुळातली मानतात. मात्र 12 अंश राखण्याची सोय नसेल तर हाच मार्ग आम्ही सुचवू: स्वच्छ चवीचं एल यीस्ट, द्रवाचं तापमान 17-18 अंश, आणि नंतर दोन आठवडे थंडी. शिवाय सगळीच लागर यीस्ट 10 अंशांना अडून बसत नाहीत. डब्ल्यू-34/70 हे प्रसिद्ध यीस्ट 18 अंशांपर्यंत चांगलं काम करतं.

बुडबुडे थांबले म्हणजे काम संपलं? झाकण थोडं सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि फर्मेंटर गार झाला तरी थांबतात. उलट, आंबणं संपून गेल्यावर द्रव नुसता गरम झाला तरी विरलेला वायू सुटून ते दिसतात. ग्रॅव्हिटी मोजणाऱ्या हायड्रोमीटरने तीन दिवस एकच आकडा यायला हवा. ग्रॅव्हिटी अजून 4 अंक (म्हणजे 0.004) उतरायची असताना बाटल्या भरल्या तर ठरलेल्या वायूवर साधारण 2 व्हॉल्यूमची (एक व्हॉल्यूम म्हणजे लिटरभर बिअरमध्ये विरलेला लिटरभर वायू) भर पडते, आणि साध्या बाटल्या तेवढ्या दाबाने फुटू शकतात.

बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून घालायच्या साखरेचा हिशोब करताना बिअर आत्ता किती थंड आहे हे पाहू नका. आंबणं संपत आल्यापासून ती जास्तीत जास्त किती अंशांवर गेली तेच धरा, कारण सुटून गेलेला वायू थंड केल्याने परत येत नाही. 18 अंशांवर जाऊन आलेल्या बिअरमध्ये 0.9 व्हॉल्यूम वायू उरलेला असतो. एकूण 2.5 हवा असेल तर लिटरला 6.4 ग्रॅम साखर, म्हणजे 23 लिटरला 147 ग्रॅम. तिथे 4 अंशांचा आकडा धरला तर शंभरएक ग्रॅमच साखर निघते आणि बिअर मिळमिळीत होते. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे 18-20 अंशांना ठेवाव्यात, मग फ्रिजमध्ये.