सेल्फ अप्रेझलमध्ये 'बग सोडवले' लिहिणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्चमध्ये सेल्फ अप्रेझलची (आपल्या वर्षभराच्या कामाचा आपणच लिहायचा आढावा) लिंक येते आणि शेवटच्या रात्री लोक आठवायला बसतात की वर्षभर आपण केलं काय. मग लिहिलं जातं, "पेमेंट मॉड्यूलवर काम केलं, बग सोडवले, टीमला मदत केली." मॅनेजरला तुमच्यासाठी भांडायचं असलं तरी एवढ्यावर तो भांडणार कसा? रेटिंग ठरतं त्या बैठकीत तुम्ही नसता. तिथे प्रत्येक मॅनेजर आपापली नावं पुढे रेटतो आणि वरच्या रेटिंगच्या जागा मोजक्याच असतात. तुमची ओळ त्याला तिथे जशीच्या तशी वाचून दाखवता आली पाहिजे.

तेच काम असं लिहून बघा: "सेटलमेंट रिपोर्ट उघडायला ९ सेकंद लागत होते, कारण प्रत्येक ऑर्डरमागे वेगळी क्वेरी जात होती. ती सगळी एका जॉइनमध्ये आणली, तारखेच्या कॉलमवर इंडेक्स टाकला. आता दीड सेकंदात उघडतो. 'रिपोर्ट अडकला' म्हणून फायनान्सकडून महिन्याला १४ तिकिटं यायची, ती २ वर आली." यातली शेवटची ओळ कोडबद्दल नाहीच, फायनान्समध्ये बसलेल्या माणसाबद्दल आहे. माझ्या मते पगारवाढ मिळते ती त्या ओळीची.

अडचण एकच, 'आधी'चा आकडा मागाहून शोधायला गेलं की सापडत नाही. लॉग आणि मॉनिटरिंगचा डेटा बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांत पुसला जातो. त्यामुळे कोडला हात लावण्यापूर्वीच तो टिपून ठेवा. आणि सरासरी घेऊ नका, पी९५ घ्या, म्हणजे १०० पैकी ९५ रिक्वेस्ट किती वेळाच्या आत संपतात ते. सरासरीत रखडणाऱ्या रिक्वेस्ट झाकल्या जातात, आणि तक्रार तर नेमकी त्यांचीच असते.

महिन्यातून अर्धा तास काढा. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद) आपल्या नावाचा लॉग, जिरामधली (कामांची यादी) बंद केलेली तिकिटं, पाठवलेले मेल, एवढं चाळलं तरी पाच-सात ओळी निघतात, त्या एका फाइलमध्ये लिहून ठेवा. ज्याचं तिकीटच नसतं ते काम मात्र त्याच दिवशी लिहा: रात्री दोनला बंद पडलेलं प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टीम) उभं केलं, रिव्ह्यूमध्ये डेटा उडवणारी मायग्रेशन (डेटाबेसमधला बदल) पकडली, नवीन मुलीला महिनाभरात स्वतंत्र काम करण्याइतकं तयार केलं. सिनियर होण्याचा खरा पुरावा तोच, आणि सगळ्यात आधी विसरलं जातं तेही तेच. ही फाइल ऑफिसच्या मेलवरून स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका, सिक्युरिटीवाले पकडतात आणि त्यांचं चूक नसतं. रेझ्युमेत क्लायंटचं नाव, कोड, स्क्रीनशॉट काही नको. 'रिपोर्टचा वेळ ८३ टक्क्यांनी कमी केला' एवढं पुरतं.

हे सगळं मॅनेजरला दाखवायची वेळ डिसेंबर-जानेवारी, कारण एप्रिलचं पत्र हातात पडेपर्यंत बजेट वाटून झालेलं असतं. वन-ऑन-वनमध्ये (मॅनेजरसोबतच्या दोघांच्याच बैठकीत) सरळ विचारा, "पुढच्या लेव्हलला यात काय कमी पडतंय?" जे उत्तर मिळेल ते त्याच दिवशी दोन ओळींच्या मेलमध्ये त्यांना परत पाठवा.

मुलाखतीत आपली मंडळी सगळं 'आम्ही केलं' म्हणून सांगतात. नम्रता ठीक आहे, पण समोरच्याला तुमचा वाटा मोजायचा असतो. "डिझाइन आर्किटेक्टचं होतं, मायग्रेशनची स्क्रिप्ट आणि रोलबॅकची तयारी माझी," असं तोडून सांगा. अख्खा प्रोजेक्ट स्वतःच्या नावावर लावणारे 'रोलबॅक (बदल मागे घेणं) कसा केला असता?' या पुढच्याच प्रश्नाला अडकतात.

आता बाजारभाव. हाईकच्या (पगारवाढीच्या) टक्क्यांवरून किंमत ठरवणं हा आपल्याकडचा जुना रोग. समजा आताचा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १८ लाख आहे, बेसिक त्याच्या निम्मं. त्यातून व्हेरिएबल (कामगिरीवर कमी-जास्त होणारा भाग) १० टक्के म्हणजे १,८०,०००, कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,०८,००० आणि ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी ४३,२९० वजा करा. उरतात १४,६८,७१०, महिन्याला सुमारे १,२२,४००. (तुमचा स्वतःचा पीएफ, प्रोफेशनल टॅक्स आणि टीडीएस यातूनच जाणार.) नवी ऑफर २० लाखांची, वाढ ११ टक्के. पण व्हेरिएबल १५ टक्के म्हणजे ३ लाख, आणि १ लाख जॉइनिंग बोनस सीटीसीतच मोजलेला. इथेही बेसिक निम्मं धरून पीएफचे १,२०,००० आणि ग्रॅच्युइटीचे ४८,१०० काढले की उरतात १४,३१,९००, म्हणजे महिन्याला १,१९,३००. पेढे वाटून झाल्यावर पहिल्या स्लिपवर पगार तीन हजारांनी कमी! शिवाय त्या बोनसला बहुतेकदा अट असते, वर्षाच्या आत सोडलंत तर परत करा.

म्हणून एक्स्पेक्टेड सीटीसी विचारला की आकडा 'फिक्स्ड'मध्ये, म्हणजे व्हेरिएबल आणि बोनस सोडून, सांगा. गेली दोन वर्षं व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिला आणि बोनस वसुलीची अट काय, हे एचआरला मेलवरच विचारा. फोनवर "साधारण पूर्ण मिळतो सर" म्हणतात, ऑफर लेटरमध्ये ते वाक्य कुठेच नसतं.